बाहीचं माप

मे महिन्यात, आर्णीच्या रस्त्याचं डांबर
चपलेला चिकटून घरात येत होतं तेव्हा,
सुकेशनी म्हणाली, "बाही मनगटापर्यंत घ्या वो बाई."
मी तिच्याकडं पाहिलं नाही.
टेपकडं पाहिलं. बावीस इंच.
वहीत लिहिलं.

वीस वर्षं शिवते मी या गावात.
मला कोणी काही सांगत नाही, आणि सगळं सांगतात.
पाठीचा गळा अचानक बंद करायला लावणारी नवी सून,
खांद्याला टेप लागताच श्वास आत ओढणारी,
"पायरीवरून पडली" म्हणणारी
(अर्ध्या गावात घरांना पायऱ्याच नाहीत).
मी अस्तर जाड लावत गेले.
हूक पुढून देत गेले, ज्यांचा हात मागं जात नव्हता त्यांना.
दहा रुपये कमी घेतले.
याला मी मदत म्हणत होते.

आणि रात्री भाकर थापताना मनात:
आपलं बरं आहे बाई.
यांनी आपल्याला बोटही लावलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा आली.
मधले पाच महिने ती कुठं होती ते गावाला माहीत होतं,
तिला कोणी विचारलं नव्हतं.
संरक्षण अधिकारी मॅडमच्या खटपटीनं, कोर्टाच्या कागदानं
सासऱ्याच्या घरातली एक खोली आता तिची. कुलूप तिचं.
"बाही आखूड," म्हणाली, "पाच इंच."
दंडावरचा वण तिनं झाकला नाही.
मी टेप लावला, तर तीच विचारू लागली.

"तुमचा फोन कुठी असते वो बाई?"
"यायच्या खिशात."
"शिलाईचे पैसे?"
"यायच्याजवळ. हिशोब तेच पाहतात."
"मायच्या घरी कधी गेलत्या?"

मी टेप गुंडाळला. उलगडला. गुंडाळला.
माय गेल्याचा फोन आला होता सोमवारी.
मला कळलं बुधवारी.
"तू रडत बसली असती,
लग्नसराईच्या ऑर्डरी राहिल्या असत्या," म्हणाले होते.
त्याला मी काळजी म्हटलं होतं.

"मारत नाहीत, पण..." मी म्हणाले
आणि त्या 'पण'शी दोरा तुटला.
सुकेशनी म्हणाली, "मलेही पैल्या वर्षी नव्हतं मारलं."

हे रोज संध्याकाळी वही तपासतात.
म्हणून नंबर मी मापात लिहिला.
छाती चौतीस. उंची चौदा. कंबर १८१.
त्यावर यांचं बोट थांबलं.
"एवढी कंबर कोनाची?"
टाचण्या तोंडात होत्या, बरं झालं.
मान हलवली. काढून म्हटलं, "चुकलं. खोडते उद्या."
खोडलं नाही.

मंगळवारी ती फिटिंग पाहायला आली.
मी दार लावून घेतलं.
आत ट्रायल चालू आहे म्हटलं की
या दाराला कोणी हात लावत नाही.
तिचा फोन. पलीकडं कोणी एक बाई,
आवाजावरून माझ्या भाचीएवढी.
"ताई, आता बोलू शकता का? ते जवळपास आहेत?"
"आर्णीले गेले. साडेचारच्या एसटीनं येतील."
"म्हणजे पन्नास मिनिटं आहेत," ती म्हणाली,
"सावकाश सांगा."

मशीनवर तिचाच ब्लाउज,
एक बाही लागलेली, एक लागायची.
मी पायट्यावर पाय ठेवला. सुईत दोरा नव्हता.
चालवत राहिले, सांगत राहिले,
बाहेरून जाणाऱ्याला वाटावं
बाई शिवते आहे.