फितीएवढा देश

मापुत्सोच्या शेडमध्ये, चौथ्या रांगेत
न्थाटिसीचं काम एवढंच:
जीनच्या आत, कंबरपट्टीखाली
देश शिवायचा.
बोटाच्या पेराएवढा देश,
पांढऱ्या फितीवर काळ्या अक्षरांत.
दिवसाला नऊशे वेळा.

कापड कुठलं, ते तिला खोक्यांवरून ठाऊक.
चेन दुसरीकडची, बटणं तिसरीकडची,
दोरा कुणाचा ते कुणी विचारत नाही.
निळा रंग मात्र इथंच उतरतो,
नाल्यानं खाली जातो,
आणि रमाबित्साच्या मेंढ्या
पाणी पिऊन येतात निळ्या तोंडांनी.

मार्चमध्ये लांब कुठल्याशा कागदावर
एक टक्केवारी बदलली.
मिस्टर चुआंग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.
कंपनीला त्यांनी तरी कुठं पाहिलं होतं?
ती पत्रांतूनच यायची, खाली सही नसायची.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
ह्यांचं जहाजावर.
बोल्ट निघाले. मशिनी गेल्या.
फरशीवर त्यांच्या पायांपुरते
उजळ चौकोन राहिले.

शेवटचे तीन दिवस उलटं काम:
चार हजार पँटी उसवायच्या,
नव्या रिळावरचं नाव शिवायचं.
असं चालतं का, ते कुणी विचारलं नाही.
तिनं ते नाव तीनदा वाचलं.
तिथंही चौथी रांग असेल.
तिथल्या बाईला
चष्मा लागला असेल का एव्हाना?

कातरलेले देश तिनं खिशात कोंबले.
फाटकावरच्या झडतीवालीनं चाचपून पाहिलं,
चिंध्याच, म्हणाली, जा.

घरी वडील उन्हात, ब्लँकेट पांघरून.
तेही गेले होते एका कंपनीच्या मागे,
सीमेपलीकडे, जमिनीखाली दोन मैल.
सोनं कुणाचं, तेव्हाही विचारलं नव्हतं.
परत येताना
खोकला तेवढा स्वतःच्या नावावर आणला.

ब्लँकेटवर मक्याचं कणीस, ढाल, मुकुट.
लग्नात हेच, मयतीला हेच,
बाळाला पहिल्यांदा गुंडाळलं तेही ह्यातच.
आणि कोपऱ्यात, उलट्या बाजूला,
परमुलखातल्या गिरणीचं नाव.

न्थाटिसीनं सुई ओवली.
त्या नावावर लेसोथो शिवला,
चारी बाजूंनी, बारीक टाक्यांत,
नऊशेतला एक असावा तसा नाही.

म्हातारा वाकून बघत राहिला.
खोकला ओसरल्यावर म्हणाला,
"ह्याची जकात कोण भरणार?"