खाली उतरल्यावर

अकरा वर्षं यास्ना वर होती.
आन्तोफागास्ताच्या धक्क्यावर,
तीन नंबरच्या क्रेनच्या काचेच्या खोलीत,
सोबतीला थर्मास, रेडिओ आणि काचेवर घाण करणारे पेलिकन.
आम्ही खालचे तिला ओळखायचो ते आवाजावरून.
'डावीकडे. अजून. बस.'
एवढ्यावर तांब्याच्या पत्र्यांचा गठ्ठा
जहाजाच्या पोटात उतरायचा,
झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा.

मग एलेउतेरिओ निवृत्त झाला
आणि कंपनीनं तिला खाली बोलावून मुकादम केलं.
बढतीसाठी शिड्या उतरणारी
मी पाहिलेली ही पहिलीच.

पहिले काही दिवस ती वरच्यासारखीच बोलली.
डावीकडे. अजून. बस.
आणि माणसं तिसऱ्या शब्दावर खरंच बसली,
दोरखंडाच्या वेटोळ्यांवर, सिगारेटी पेटवून.

कंपनीनं तिला सान्तियागोला धाडलं,
हॉटेलात, दोन दिवस, नेतृत्व शिकायला.
माणसं जोडा, असं तिथं सांगितलं म्हणे.
ती एक्केचाळीस कार्डं घेऊन आली, रबर लावून.
त्यातली चार आम्ही घडी करून
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
ती काही बोलली नाही. तिलाही कॉफी सांडायची नव्हती.

एलेउतेरिओच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला,
पेन्सिलीनं लिहिलेलं तिला सापडलं:
वेलास्केस, मुलीचा निकाल विचारणे.
ओसान्दोन, सकाळी आठपर्यंत चेष्टा नको.
टगवरची मिरेया, आधी कुत्र्याची चौकशी, मग काम.
तापिया, बोलतो फार, शब्द मोडत नाही.
तापिया म्हणजे मी.
बावीस वर्षं तो माझ्याशी सरळ बोलला नाही
आणि आत हे लिहून ठेवलेलं.

ऑगस्टमधली ती रात्र. समुद्र उसळलेला,
दोन नंबरचा वीजफलक गेलेला,
गठ्ठा मधोमध लोंबकळत,
खाली जहाज दारुड्यासारखं झुलतंय.
कंपनीचा इलेक्ट्रिशियन फोन उचलत नव्हता.
यास्नानं हेल्मेट काढलं.
'मला हे येत नाही,' ती म्हणाली, 'कुणाला येतं?'

इतकी शांतता त्या धक्क्यावर मी कधी ऐकली नव्हती.
कुणालाच येत नव्हतं, हे खरं.
पण वेलास्केस म्हणाला, हा पॅनेल मेहियोनेसलाही आहे,
आणि ओसान्दोन काही न बोलता
टेबलाखाली वाकला.

तिसरं कार्ड. दानिलो कायो, मेहियोनेस.
तिला चेहरा आठवेना.
त्यानं मात्र दुसऱ्या घंटेला उचललं.
'तुम्हीच ना त्या? सगळे हात मिळवत होते तेव्हा
खिडकीतून समोरच्या इमारतीची क्रेन बघत उभ्या होतात?
मीही तीच बघत होतो.'
पासष्ट किलोमीटर वाळवंट कापून तो आला,
पायात घरातल्या चपला.

गठ्ठा पहाटे उतरला.
टेबल पुन्हा डुगडुगतंय, कुणी पायाखाली काही सारत नाही.
कपाटाच्या दारावर नवी ओळ आली:
कायो, रात्री दोनला उचलतो. त्याचं देणं आहे.

काल तिनं मला विचारलं,
माझ्या नावापुढे काय लिहशील?
मी, फार बोलणारा,
दाराकडे बघत राहिलो.
तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली
आणि मिरेयाच्या कुत्र्याचं कसं आहे ते बघायला गेली.
पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे.