हवा कमी

खिंडीच्या अलीकडे सापारबेक थांबतो,
उकिडवं बसून चारही चाकांतली हवा सोडतो.
फुस्स...
जुनी रशियन जीप उंटिणीसारखी खाली बसते.

“फुगलेलं चाक बर्फावर नाचतं,” तो म्हणतो,
“ढिलं पडलं की धरतं.”

मागे बुरुल, आठवा महिना,
मांडीवर चुलीतल्या राखेची पिशवी.
वळणावर गाडी दरीकडे सरकते
तेव्हा तो नको म्हणायच्या आत ती उतरते,
चाकांपुढे राख टाकते
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.

पहिला गिअर. स्टिअरिंगवर नुसती बोटं.
कुणी बोलत नाही.

खाली नारीनचे दिवे दिसतात
तेव्हा आठवतं, हवेचा पंप घरीच राहिलाय.
बुरुल पोट धरधरून हसते
आणि सापारबेक घाबरून
करकचून ब्रेक दाबतो.