उर्फ

शिवाजीनगर कोर्टासमोर, रसाच्या गुऱ्हाळाला लागून
माझं सहा बाय चारचं टायपिंगचं दुकान.
बाई आल्या, स्टुलावर बसल्या,
म्हणाल्या, "घे. लोकसभा."
जसं पूर्वी म्हणायच्या, "घ्या. अपूर्णांक."

रात्रशाळेत मी मागच्या बाकावर पेंगायचो,
दिवसभर बेकरीत ट्रे ओढून.
बाई उठवायच्या नाहीत.
आवाज जरा खाली आणायच्या, इतकंच.

नाव : पुष्पा बालय्या विटकर.
जंगम मालमत्ता : एक स्कूटी, पोस्टातली बचत, दीड तोळा.
बेरीज मी केली. त्यांनी नुसतं पाहिलं.
मी परत केली.
"आणि वडिलांचा घण?" मी गमतीनं विचारलं.
"तो स्थावर," बाई म्हणाल्या,
"माझ्यानं अजून उचलत नाही."

बालय्या पालमूरहून आले दुष्काळात,
मुकादमाच्या ट्रकमधून,
वडारवाडीत टेकडीला पत्रा टेकवून राहिले.
त्यांनी फोडलेल्या खडीवरून रस्ता झाला,
ते मात्र जायचे जुन्या पायवाटेनंच,
डांबरानं चपला झिजतात म्हणून.

अपक्षाला सूचक लागतात दहा.
हौसाबाईंची सही चौकटीबाहेर गेली, पार खालच्या ओळीत.
मी दुसरा कागद काढला.
"राहू दे," बाई म्हणाल्या,
"साठाव्या वर्षी शिकलीय. जागा लागते."

मग मी विचारलं, यंत्रावर नाव कसं हवं?
बाई गुऱ्हाळाच्या घुंगरांकडे बघत राहिल्या.
"उर्फ लाव."
उर्फ काय?
"पोचम्मा."

पहिलीत गुरुजींनी हाक मारली तेव्हा वर्ग हसला होता.
दुसऱ्या दिवशी हजेरीत निळ्या शाईनं पुष्पा.
त्यानंतर पोचम्मा फक्त आईच्या तोंडी,
तीही दार लोटून घेऊन.

मी टाइप केलं.
"एक म खाल्लास," बाई म्हणाल्या.

प्रचारात सदाशिव पेठेत एकांनी जिन्यावरून विचारलंच,
"तुम्ही मूळच्या कुठल्या हो?"
"यादी भाग एकशे बारा, अनुक्रमांक चारशे सात."
काका चष्मा पुसत राहिले. चहा मात्र दिला.

मतं पडली चार हजार नऊशे बारा.
अनामत गेली.
सोमवारी मी पावती द्यायला शाळेत गेलो
(टंकलेखन, रुपये एकशे चाळीस,
खर्चाच्या हिशोबात लागते म्हणून दोनदा फोन आलेला).
फळ्यावर एकूण मतं लिहिलेली,
खाली प्रश्न :
एक षष्ठांशाला किती कमी पडली?

माझ्या जुन्या बाकावर एक पोरगी,
बोटांना मेंदी, मनगटाला भांड्यांची राख.
"बाई, सहानं भाग पुरा जात नाही.
बाकी उरतीय."

"उरणारच," बाई म्हणाल्या.
"लिही ती."