शनिवारची झाडलोट

जिंतूरच्या पुढं, येलदरीच्या रस्त्याला
आश्रमशाळेच्या चार खोल्यांत आमचं शिबिर.
मे महिना. दुपारी पत्रे कडकड बोलतात.
शनिवारी सकाळी सतरंज्या बाहेर निघतात,
लिंबाच्या फोकांनी त्यांना बडवताना पोरांना जो आनंद होतो
तो खेळाच्या तासालाही होत नाही.
आठवड्याची धूळ उठते
आणि अर्धी परत आमच्याच अंगावर बसते.

फळ्यावर यादी, माझ्या अक्षरात.
हौदाला मुंजा,
कारण झाकणाच्या भोकातून तेवढाच आत मावतो.
संडासाला नौशीन, महिनाभर.
मागच्या शनिवारी निळी बादली फुटली,
तिच्या पायाशी सापडली.
मी विचारलं, ती गप्प राहिली,
आणि गप्प राहणं म्हणजे कबुली, असं मी धरून चालले.
मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

हौदात वीतभर पाणी. टँकर दहाला येणार.
मुंजा आत, काथ्यानं शेवाळ खरवडत,
मी वर, दोरीनं गाळाचं डबडं ओढत.
आत त्याला स्वतःचा आवाज सापडला.
आधी नुसतं हू केलं. मग म्हशीसारखा हंबरला.
मग आडनावासकट स्वतःचं नाव पुकारलं,
मुंजा बापूराव कच्छवे,
आणि स्वतःच म्हणाला, हजर.
मग बराच वेळ नुसता काथ्या.
मग हळूच, भिंतीला तोंड लावून,
"बादली म्या फोडली."
हौदानं ते तीनदा सांगितलं.
दोरी माझ्या हातात होती. मी ओढली.
वर आले चिंचोके, एक शाळेचा बिल्ला,
आणि बेडकाचं पिल्लू, जिवंत.

संध्याकाळी सगळे गोल बसतात.
फुलारी सर म्हणतात, सकाळी खोल्या झाडल्या, आता मन झाडा.
दर शनिवारी हेच म्हणतात
आणि मधे कंदील ठेवतात, लाईट असली तरी.
मग पूर्णेच्या पात्रातला एक गोटा हातोहात फिरतो,
ज्याच्या हातात गोटा त्यानं बोलायचं.
वहीत मी लिहायचं.
कोंडिबाला डाळीत खडा लागला होता,
त्यानं इंगोले मावशींना सांगितलं नव्हतं, आता सांगितलं.
शालू म्हणाली, आईची आठवण आली नाही म्हणून रडले.
मुंजानं गोटा या हातातून त्या हातात घेतला,
नखांत अजून हिरवं.
"हौद घासला," म्हणाला.
मी लिहिलं, हौद घासला.

मग गोटा माझ्याकडं आला, सगळ्यांच्या तळव्यांनी तापलेला.
मी म्हणाले, या आठवड्यात सगळ्यांनी पाणी जपून वापरलं.
टाळ्या वाजल्या.
नौशीननंही वाजवल्या.

पुढच्या शनिवारी फळ्यावर, नौशीनच्या नावापुढं,
कुणीतरी खडूनं लिहिलेलं, "मुजा".
मी अनुस्वार दिला.
थोडा वेळ खडू हातातच राहिला,
मग त्याखाली माझं नाव लिहिलं.

तीन खराटे, फिनाईल, माशा.
मी रात्रभर एक वाक्य जुळवून ठेवलं होतं,
तोंड उघडलं
तर नौशीन म्हणाली, पाय उचला ताई, पाणी येतंय.
पाणी आलं, पायांखालून दाराबाहेर गेलं.
तेव्हा म्हणाले. हातात गोटा नव्हता, खराटा होता,
आणि जुळवलेलं वाक्य काही आठवलं नाही,
नुसतं, माझं चुकलं गं, एवढंच निघालं.
ती मुंजाकडं न बघता म्हणाली,
"मला ठावंच व्हतं की कुणी फोडली. त्यो तव्हा रडायलता."

मुंजा एकच फरशी घासत राहिला,
पांढरी झाली तरी.

निळी बादली कुणी टाकली नाही.
आता तिच्यात खराटे उभे असतात.