गट्टू बसवायच्या आधी

देवलापारच्या बाजारात, मोहफुलांच्या टोपलीमागून
सयाबाई कुमरेनं न मागता दिला एक कंद,
वरून आल्यासारखा, खाली दोऱ्यांना
शेंगांसारख्या लोंबणाऱ्या गाठी.
"भुईचाफा हाय. आंगणातला हाय, जंगलातला नाही उपटला."
पैसे घेतले नाहीत. म्हणाली,
"याले विसरून जा. मंग येते."

मला विसरणं जमत नाही.
तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये
काचेच्या पट्ट्यांवर नावं लिहिली आहेत मी.
आइस्क्रीमच्या काडीवर तारीख घातली आणि रोवली,
मानेवाड्यातल्या घरामागे, कूलरच्या स्टँडपाशी.

पहिला कंद सडला.
आमची काळी माती पावसाचं पाणी धरून बसते
जुनं भांडण धरावं तशी.
उकरलं तर बोटांना नुसता वास लागला,
हळदीचा, कापराचा.

पुन्हा देवलापार. पुन्हा कंद.
या वेळी मुरूम मिसळला, वर पोतंभर सागाची पानं.
रात्री ती वाजायची. देवानंद बॅटरी घेऊन उठायचा,
"साप हाय का वं?"
दिवाळीनंतर पाणी बंद.
होती ती चार पानं पिवळी होऊन लोळली,
मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीची निगा राखायची,
मांजराला हुसकायचं, मोलकरणीला सांगायचं, इथं बादली ओतू नको.

"हाय काय पण त्या कोपऱ्यात?" देवानंद म्हणाला.
"गट्टू बसवून टाकू. स्कूटी उभी राहीन."
चैत्रापर्यंत थांब, म्हटलं.
त्यानं झनकलाल मिस्त्रीला
पाडव्यानंतरचा सोमवार दिला.

सोमवारी पहाटे दात घासत मागं गेले
तर सागाचं एक पान तिरकं उचललेलं,
आणि त्याच्याखालून, ना देठ ना पान,
सरळ जमिनीतूनच फूल.
पांढरं, खालच्या ओठावर जांभळं,
कुणी भुईवर ठेवून विसरल्यासारखं.
बाजूला दुसरं, अजून मिटलेलं, मातीची टोपी घातलेलं.
मी ओणवी झाले. गुडघे वाजले.
तोंडात पेस्टचा फेस,
कुणाला हाक मारता येईना.
तेवढा वेळ ते माझ्या एकटीचं होतं.

नऊला मिस्त्री आले, डोक्याला दुपट्टा, हातात दोरी.
पाहिलं. चप्पल काढली, का ते त्यांनाच ठाऊक.
"किती जागा सोडू बाई?"
मला खरंच माहीत नव्हतं.
तो मातीखाली किती सरकतो, कुठल्या अंगाला,
सयाबाई बोलली नव्हती.
दुपारी फूल ओल्या कागदासारखं पडेल,
मग इथं पुन्हा कोपराच दिसेल.
अंगठ्यानं एक रेघ ओढली.
पायानं पुसली. थोडी मोठी ओढली.

मिस्त्रींनी दोरी गुंडाळून खिशात घातली.
"वाकडंच बसन मंग."
"बसू द्या."