नामावळी

सकाळी पावणेसात. आगरटाकळी.
जानेवारीची थंडी केंद्राच्या कठड्याला चिकटलेली.
पुंजाराम गांगुर्डे दोरीची बादली खाली सोडतो
आणि शहर वर येतं,
अर्धा लिटर, करडं, जरासं कोमट:
सिडकोतल्या न्हाणीघरांचं, द्वारक्याच्या लॉजचं,
अजून कुणी खोकललंही नाही
अशा घरांचं.

मी बाटलीवर पट्टी चिकटवते.
तारीख, वेळ, तापमान.
नावाला रकाना नाही.
थर्माकोलच्या पेटीत बर्फ, मग पुण्याची गाडी,
आणि नऊ दिवसांनी उत्तर:
दोन अक्षरं, टिंब, आकडा, पुन्हा टिंब,
आडनावाला शेपूट फुटत जावं तसं.

'हा आता कुणाचा?' पुंजाराम विचारतो.
मी म्हणते, मागच्या हिवाळ्यात आलेला ना, त्याचा नातू.
स्क्रीनवर झाड दाखवते. फांदीला फांदी,
काही मध्येच वाळलेल्या.
तो चष्मा पुसून पुन्हा बघतो.
'रामकुंडावर गुरुजींच्या वहीत
असंच ऱ्हातं की.'

एकवीसच्या मे महिन्यात गेला होता तो,
नंबर लावून.
लाल कापडाची गाठ सुटली, लांबट वही उघडली,
आजा निघाला, बाप निघाला, मग हा,
आणि ह्याच्या शेजारी बोरूसारख्या बारीक अक्षरात
मथुरा.
कशानं, ते वहीत लिहीत नाहीत.

आमच्याकडे तेवढंच लिहितात.
मी एकदा शोधली तिला, त्याला न सांगता.
मे, नाशिक रोड, स्त्री, वय एकावन्न.
अशा तीन ओळी निघाल्या.
तिन्ही वाचल्या मी. खालून वर, वरून खाली.
फाईल बंद केली.

या आठवड्यात रेघ चढते आहे.
आधी तपोवन, मग टाकळी, चेहडीला अजून सपाट.
दवाखान्यात दाखल चार, चौघेही बरे होतायत,
एकानं तर डबा घरून मागवला, मटणाचा.
साहेबांच्या पत्रकात
'घाबरण्याचे कारण नाही' हे वाक्य
मागच्याच पत्रकातून उचललेलं,
तारीख तेवढी बदलायची राहिली होती.
मी बदलली.
आणि खरंच नसेलही कारण.
नकाशावर मी पिवळा रंग भरते,
इंदिरानगरचा बोगदा ओलांडताना
माझ्या गल्लीपाशी माउस
जरा थांबतो.

आज मंगळवार. बादली वर आली.
पुंजाराम दर वेळी उपरणं नाकाला लावतो,
एक शिवी हासडतो, मग झाकण उघडतो.
आज उपरणं खांद्यावरच.
बादलीवर वाकून उभा आहे
विहिरीत काही पडलं असावं तसा.
'मॅडम, आज वास येईना.
पाणी सोडलं का काय वरून?'

मी बाटली भरते. तारीख. वेळ.
पेनातली शाई थंडीनं अडकते, झटकते.
वास येतो आहे मला, रोजच्यासारखा,
मास्कमधून, डोळ्यांना झोंबेल एवढा.
'असेल,' मी म्हणते,
आणि पर्समधला नवा मास्क
शोधत राहते.